जुनं वर्कस्टेशन, नवं लिनक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लीज संपली की कंपन्या वर्कस्टेशन एकगठ्ठा विकून टाकतात. आर्किटेक्टच्या ऑफिसातून, ॲनिमेशन स्टुडिओतून निघालेले हे जाडजूड डबे मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत येतात. लोखंड दणकट, प्रोसेसर इंटेलचा झिऑन, रॅम भरपूर, आणि किंमत नव्या लॅपटॉपपुढे किरकोळ. घरी आणून लिनक्स टाकायला बसलं की मग फोन सुरू होतात. मला पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कमांडची आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत; टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायची.

कुठल्या मशीनबद्दल बोलताय?

मुख्यतः दोन पिढ्या. पहिली २००९ ची: डेल प्रिसिजन टी३५००, टी५५००, टी७५००, एचपीची झेड४००, झेड६००, झेड८००. प्रोसेसर बसतो ती खाच, म्हणजे सॉकेट, १३६६. दुसरी २०१२ ची: डेल टी३६००, टी५६००, टी७६००, एचपी झेड४२०, झेड६२०, झेड८२०. सॉकेट २०११. पहिल्या पिढीत जुन्या पद्धतीचा बायोसच (मशीन चालू होताच सगळ्यात आधी जागा होणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) आहे असं धरून चला. दुसरीत त्याचा नवा अवतार यूईएफआय मिळतं, पण अर्धवट वयात आलेल्या मुलासारखं, कधी शहाणं, कधी नाही.

काहीतरी बिघडलंय. सरळ फॉरमॅट मारू का?

नको. आधी गाडी कुठे अडली ते बघा. डिस्प्ले येण्याआधीच अडली तर दोष लोखंडात. कंपनीचा लोगो दिसला पण ग्रबचा, म्हणजे लिनक्स उचलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, मेनू आला नाही, तर बायोस किंवा डिस्कची मांडणी. ग्रब आला आणि पुढे काळोख झाला, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि ग्राफिक्स. लॉगिनपर्यंत पोचलात आणि मग रडारड, तर डिस्ट्रोची, म्हणजे तुम्ही टाकलेल्या लिनक्सच्या आवृत्तीची, सेटिंग. पुन्हा इन्स्टॉल करून यातला शेवटचा प्रकार सुटतो, बाकी तीन नाहीत. तरी लोक चार-चार वेळा फॉरमॅट मारतात आणि शेवटी कळतं की रॅमची पट्टी सैल होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पंखे फिरतात, लाइट लागतो, पण डिस्प्ले नाही. लिनक्सचा प्रॉब्लेम?

लिनक्स अजून उठलेलंसुद्धा नाही, त्याला दोष देऊ नका. या झिऑन प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे चित्र फक्त कार्डातूनच येणार. या मशीनमधल्या एनव्हिडियाच्या क्वाड्रो कार्डांवर डिस्प्लेपोर्ट जास्त असतात आणि आपल्याकडचा मॉनिटर एचडीएमआय किंवा व्हीजीए. स्वस्त कन्व्हर्टर दगा देतो. शक्य असेल तर पहिल्यांदा डीव्हीआयवर जोडून बघा.

एचपीच्या झेड मालिकेत पॉवरचं बटण लाल होऊन मिचकावतं, ते मोजा. पाच वेळा म्हणजे रॅम, सहा वेळा म्हणजे ग्राफिक्स. डेलच्या पुढच्या पॅनेलवर १ ते ४ आकड्यांचे छोटे दिवे असतात. कुठले पेटलेत ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या तक्त्याशी ताडून बघायचं.

रॅमचं म्हणाल, तर पट्ट्या काढा, सोनेरी संपर्कांवरून साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, पुसून परत बसवा. कोकणात आणि मुंबईत समुद्राच्या हवेने आणि चार महिन्यांच्या दमटपणाने हे संपर्क काळवंडतात, आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदा चालू केलेलं मशीन मुकं होणं हा माझ्याकडे दरवर्षीचा कार्यक्रम आहे. एवढ्याने नाही झालं तर एकच पट्टी ठेवून बघा. रजिस्टर्ड आणि अनबफर्ड अशा दोन जातींच्या ईसीसी (स्वतःच्या चुका सुधारणाऱ्या) रॅम असतात. त्या एकत्र चालत नाहीत, आणि बाजारातला पोऱ्या दोन्हींना नुसतं 'सर्व्हर रॅम' म्हणून विकतो. पट्टीच्या स्टिकरवर आकड्याच्या शेवटी आर असेल तर रजिस्टर्ड, ई असेल तर अनबफर्ड ईसीसी.

दोन प्रोसेसरच्या मशीनमध्ये दुसरा प्रोसेसर काढलेला असेल तर त्याच्या वाट्याचे रॅमचे स्लॉट मेलेले असतात. सॉकेट २०११ च्या पिढीत काही पीसीआय स्लॉटसुद्धा. कार्ड खराब समजून फेकण्याआधी स्लॉट बदला.

झेड४२० मध्ये व्ही२, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीचा, झिऑन टाकला आणि मशीन मेलं.

मेलं नाही, त्याला ओळख पटली नाही. झेड४२०, झेड६२० आणि झेड८२० मध्ये बायोसच्या आत बूट ब्लॉक नावाचा एक भाग असतो आणि त्याची तारीख सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये दिसते. २८ डिसेंबर २०११ असेल तर व्ही२ प्रोसेसर चालणार नाहीत. ६ मार्च २०१३ असेल तर चालतील. नेहमीचं बायोस अपडेट ही तारीख बदलत नाही. म्हणून मशीन घेतानाच, दुकानात उभ्याउभ्या, ती बघून घ्या.

बूटेबल पेनड्राइव्ह केला, पण मशीन त्याच्याकडे बघतच नाही.

मागचे काळे, म्हणजे यूएसबी २ चे पोर्ट वापरा. निळे पोर्ट वेगळ्या चिपवर असतात आणि बायोस त्यांवरून बूट करेलच असं नाही. बूट मेनू डेलमध्ये एफ१२, एचपीत एफ९. पेनड्राइव्ह रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅमने करत असाल तर तो विचारतो तेव्हा डीडी पद्धत निवडा. तरीही जमलं नाही तर डाउनलोडचा चेकसम (फाइल नीट उतरली का ते सांगणारा आकडा) तपासा; अर्धवट उतरलेली फाइल हे कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

ग्रबचा मेनू येतो, इन्स्टॉल निवडलं की काळा पडदा.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर जवळजवळ नेहमी एनव्हिडियाचं क्वाड्रो कार्ड. ग्रबच्या मेनूत ओळ निवडून ई दाबा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून नोमोडसेट लिहा आणि एफ१० दाबा. कर्नल मग ग्राफिक्सला हात न लावता साध्या पडद्यावर उघडतो. हा तात्पुरता टेकू आहे. तो कायमचा ठेवला तर व्हिडिओ अडखळतील आणि दुसरा मॉनिटर चालणार नाही.

पुढे कुठला ड्रायव्हर, हे कार्डाच्या पिढीवर आहे. क्वाड्रो एफएक्स ५८०, एफएक्स १८०० ही टेस्ला पिढी. तिचा कंपनीचा ड्रायव्हर ३४० मालिकेतला आणि त्याचा पाठिंबा २०१९ मध्ये संपला. क्वाड्रो ६००, २०००, ४००० ही फर्मी. ३९० मालिका, २०२२ मध्ये संपली. के६००, के२०००, के४००० ही केप्लर. ४७० मालिका, २०२४ मध्ये संपली. म्हणजे नव्या कर्नलवर हे ड्रायव्हर जुळवायला गेलात की डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणारी यंत्रणा) मध्येच मोडतं आणि अपडेटनंतर सकाळी काळा पडदा.

माझं मत विचाराल, तर ऑफिसचं काम, ब्राउझर आणि मराठी टायपिंग एवढंच असेल तर कर्नलबरोबर येणारा नूवो ड्रायव्हर ठेवा आणि विसरून जा. फर्मी कार्डं नूवोवर बूट होतानाच्या मंद गतीतच राहतात, पण तेवढ्यावर दोन मॉनिटर आरामात चालतात. ब्लेंडर किंवा कुडा (ग्राफिक्स कार्डावर आकडेमोड करायची एनव्हिडियाची पद्धत) हवं असेल तर जुन्या ड्रायव्हरशी कुस्ती खेळण्यापेक्षा कार्ड बदला. कुडा एनव्हिडियावरच चालतं, म्हणून त्यासाठी नव्या पिढीचं एनव्हिडियाच घ्या. कुडा नको असेल तर एएमडीची राडेऑन प्रो डब्ल्यूएक्स मालिका सेकंडहँड मिळते, ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. फक्त पहिल्या पिढीच्या मशीनसाठी घेताना ते कार्ड जुन्या बायोसवर डिस्प्ले देतं का, हे विक्रेत्याकडून प्रत्यक्ष लावून बघून घ्या.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, किंवा दिसते पण विचित्र नावाने.

बायोसमध्ये साटा (डिस्क जोडण्याचा) मोड रेडवर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्यावर, असतो. ऑफिसात दोन डिस्कांची जोडी लावलेली असायची, त्याचा हा अवशेष. तो एएचसीआय, म्हणजे सुट्या डिस्कचा, करा. तरीही डिस्कवर इंटेल रेडच्या जुन्या खुणा उरतात आणि इन्स्टॉलर तिला रेडचा तुटका सदस्य समजतो. लाइव्ह पेनड्राइव्हवरून वाइपएफएस ही कमांड ए पर्यायासह त्या डिस्कवर चालवली की खुणा जातात. डिस्कवरचा डेटाही गेलाच असं समजा, म्हणून डिस्कचं नाव दोनदा वाचा. माझ्या हातून एकदा चुकीची डिस्क पुसली गेली आहे. बैल गेला आणि झोपा केला, तेव्हापासून नको असलेल्या डिस्कांच्या केबल आधी काढतो.

काही मोठ्या डब्यांत डिस्क एलएसआय १०६८ई या सॅस चिपवर जोडलेल्या असतात. ही चिप २ टीबीच्या पुढचं बघू शकत नाही. ४ टीबीची डिस्क लावून २ टीबी दिसली तर डिस्क परत करू नका, केबल बोर्डावरच्या साटा पोर्टला हलवा. आणि रेड हॅट ८ पासून या चिपचा ड्रायव्हरच वगळलेला आहे, त्यामुळे रेड हॅटवरूनच बनलेल्या रॉकी किंवा अल्मावर ती डिस्क गायब होते. डेबियनमध्ये तो ड्रायव्हर शाबूत आहे.

एनव्हीएमई एसएसडी लावता येईल का?

येईल, पण बूट होणार नाही, आणि इथेच लोक फसतात. एनव्हीएमई म्हणजे साटाऐवजी थेट पीसीआयवरून बोलणारी वेगवान एसएसडी; ती पीसीआय स्लॉटमध्ये बसवणारं ॲडॉप्टर कार्ड स्वस्तात मिळतं. लिनक्सला एसएसडी झटकन दिसते, इन्स्टॉलही होतं, मग रिस्टार्ट केल्यावर बायोस म्हणतो बूट करायला काही नाही. कारण बायोसला एनव्हीएमईची भाषा येत नाही. उपाय सोपा आहे: बूट हा फोल्डर आणि ग्रब एका छोट्या साटा डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा आणि रूट, म्हणजे बाकीची सगळी सिस्टिम, एनव्हीएमईवर. कर्नल एकदा मेमरीत आला की पुढे बायोसची गरज राहत नाही. सॅमसंग ९५० प्रो ही एक अपवादात्मक एसएसडी, तिच्यात जुन्या बायोससाठीचा बूट कोड स्वतःचाच आहे. मिळाली तर सोडू नका.

फायदा किती? पहिल्या पिढीत साटा ३ गिगाबिटचा, म्हणजे साधी एसएसडी सेकंदाला पावणेतीनशे एमबीच्या आसपास अडकते. पीसीआय २ च्या चार लेनवर सैद्धांतिक मर्यादा २ जीबी. मोठे व्हिडिओ किंवा व्हर्च्युअल मशीन असतील तर फरक जाणवतो. लिब्रेऑफिस उघडायला नाही.

३ टीबीच्या डिस्कवर इन्स्टॉल झालं, बूट होत नाही.

डिस्क विभागण्याची जुनी एमबीआर मांडणी २ टीबीपाशी संपते, म्हणून नवी जीपीटी हवी. आणि जुन्या बायोसवर जीपीटी वापरायची तर ग्रबला १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन लागतं. हाताने पार्टिशन करताना ते राहून जातं.

कुठलं डिस्ट्रो टाकू? रॉकीचा इन्स्टॉलर सुरुवातीलाच कोसळला.

प्रोसेसरच्या सूचनासंचाचा प्रश्न आहे. रेड हॅट ९ ला एक्स८६-६४ ची व्ही२ पातळी लागते (झिऑनच्या नावातल्या व्ही२ शी हिचा संबंध नाही). २००९ चे नेहेलम झिऑन त्यात बसतात, त्याआधीचे ५४०० मालिकेतले बसत नाहीत. २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट १० ला व्ही३ लागते, म्हणजे हॅसवेल किंवा पुढचे. वरच्या दोन्ही पिढ्या तिथे बाद. रॉकी १० ही त्याच वाटेने गेली. अल्मालिनक्स १० ने मात्र व्ही२ साठी वेगळी आवृत्ती काढली आहे, ती चालते.

मी डोळे मिटून डेबियन सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ कुठल्याही ६४ बिट प्रोसेसरवर चालतं. फक्त ३२ बिटचा इन्स्टॉलर आता मिळत नाही.

अपडेट करताना 'रिलीज फाइल अजून वैध नाही' असं येतं. ब्राउझरही सगळ्या साइट असुरक्षित म्हणतो.

घड्याळ बघा. २०१० च्या आसपासची तारीख दिसेल. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. बदलून टाका, मग बायोसमध्ये जाऊन साटा मोड पुन्हा तपासा, कारण सेल गेला की तीही सेटिंग मूळपदावर जाते.

घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे-पुढे असेल तर सेल ठणठणीत आहे. विंडोज बोर्डाच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं आणि लिनक्स तिथे जागतिक वेळ आहे असं धरतं. दोन्ही एकाच मशीनवर ठेवायची असतील तर टाइमडेटसीटीएलमध्ये लोकल आरटीसीचा पर्याय १ करा.

नेटवर्क काल चालत होतं. आज नवं कार्ड लावलं, नेट गेलं.

लिनक्स नेटवर्क पोर्टला पीसीआय बसच्या क्रमांकावरून नाव देतं. नवं कार्ड आलं की क्रमांक सरकतात, ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होतं आणि तुमच्या सेटिंगच्या फाइलीत जुनं नाव राहतं. पोर्ट शाबूत आहे. फाइलीत नवं नाव लिहा, किंवा मॅक पत्त्यावरून नाव कायम करा.

झेड४२० सारख्या मशीनमध्ये इंटेल ८२५७९ पोर्ट असतो. मोठी फाइल कॉपी करताना तो मध्येच तुटत असेल आणि डीमेसेजमध्ये (डीएमईएसजी, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) 'हार्डवेअर युनिट हँग' दिसत असेल, तर ईथटूलने त्या पोर्टचे टीएसओ आणि जीएसओ हे पॅकेटं तोडण्याचे पर्याय बंद करा. थोडा भार प्रोसेसरवर येतो, झिऑनला तो कळतही नाही.

मशीन अधूनमधून हँग होतं. कधी दोन तासांनी, कधी दोन दिवसांनी.

इथे घाई करू नका. आधीच्या वेळी काय झालं ते जर्नलसीटीएल सांगतं: बी पर्यायापुढे उणे १ दिलं की मागच्या बूटची नोंद उघडते. शेवटच्या वीस-पंचवीस ओळी वाचा.

तिथे ईडॅक हा शब्द दिसला तर रॅम. सीई म्हणजे सुधारलेली चूक, यूई म्हणजे न सुधारता आलेली, आणि त्याच ओळीत चॅनेल आणि पट्टीचा क्रमांकही असतो. ईसीसी रॅमचं खरं सुख हेच. पण याच कारणाने मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम फसवतो: पट्टी चुका करत असते, ईसीसी त्या गुपचूप सुधारत असते आणि मेमटेस्ट 'पास' म्हणतो. म्हणून या चुका मोजणारा रासडीमन बसवा आणि आठवडाभर मोजणी बघा. एकाच पट्टीवर सीई वाढत असतील तर ती काढा. पट्टी बदलूनही त्याच चॅनेलवर चुका येत राहिल्या तर प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकडी पिन किंवा वाकडातिकडा आवळलेला हीटसिंक तपासा.

पहिल्या पिढीत बूट होताना कर्नल म्हणतो की चिपसेटमध्ये दोष असल्याने इंटरप्ट रीमॅपिंग बंद करत आहे. घाबरू नका. इंटेलच्या ५५०० आणि ५५२० चिपसेटच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत हा दोष होता आणि कर्नल तुम्हाला वाचवतोय. फक्त व्हर्च्युअल मशीनला ग्राफिक्स कार्ड थेट द्यायचं असेल तरच अडचण.

नोंदीत काहीच नाही, ओळ मध्येच तुटली आहे, असं असेल तर एसएमपीएस किंवा वीज. लाइट जाताच यूपीएस असूनही मशीन बंद पडत असेल, तर स्वस्त यूपीएसची चौकोनी लाट या एसएमपीएसना मानवत नाही. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस किंवा इन्व्हर्टर लावल्यावर माझ्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्याचा हा आजार बसल्याजागी गेला. त्याआधी त्याने दोन वेळा डिस्ट्रो बदललं होतं.

डिस्कचा संशय असेल तर स्मार्टसीटीएल ही डिस्कची तब्येत सांगणारी कमांड. १९७ क्रमांकाचा आकडा शून्याच्या वर असेल तर आजच बॅकअप घ्या. १९९ वाढत असेल तर डिस्क नाही, साटा केबल बदला.

बूट होताना दीड मिनिट एका ओळीवर थांबतं, मग इमर्जन्सी मोड.

काढून टाकलेल्या डिस्कची ओळ एफएसटॅब या डिस्कांच्या यादीच्या फाइलीत राहिली आहे. ओळ खोडा. डिस्क कधी असते कधी नसते असं असेल तर पर्यायांत नोफेल लिहा.

मराठी चौकोन-चौकोन दिसतं.

डेबियनवर लोहित देवनागरी आणि नोटो हे फाँट बसवा. टायपिंगला आयबस (कीबोर्डची भाषा बदलू देणारा प्रोग्रॅम) आणि त्याचं एम१७एन पॅकेज, त्यात इनस्क्रिप्ट मिळतो. जुन्या पेजमेकरच्या काळातल्या फाइली मात्र रोमन अक्षरांचा कचरा दिसतील. ते युनिकोड नाही. तो मूळ फाँट सापडला तरच मजकूर वाचता येतो, नाहीतर कन्व्हर्टरने बदलून घ्यावा लागतो.

वीज किती खाईल?

नुसतं चालू ठेवून १२० वॅट धरले, तर रोज १० तासांप्रमाणे महिन्याला ३६ युनिट, चोवीस तास ठेवलं तर ८६ च्या वर. प्रोसेसर बदलून फार वाचत नाही, कारण रिकाम्या वेळी झिऑन गपगार असतो. जुनं मोठं ग्राफिक्स कार्ड आणि चार फिरत्या डिस्क काढा, तिथे वीज मुरते.

लिनक्सऐवजी बीएसडी?

बीएसडी म्हणजे युनिक्सच्याच घराण्यातल्या फुकट सिस्टिमा. फाइल सर्व्हरसाठी फ्रीबीएसडी आणि तिची झेडएफएस फाइल सिस्टिम, ईसीसी रॅमबरोबर, हे या मशीनचं फार चांगलं म्हातारपण आहे. ओपनबीएसडी टाकायचं तर एनव्हिडिया कार्ड काढून ठेवा. तिथे नूवो नाही.

आमच्या संस्थेच्या कपाटात सन अल्ट्रा ५ निघालंय. चालेल?

चालेल. सन मायक्रोसिस्टिम्सचं १९९८ चं मशीन, अल्ट्रास्पार्क प्रोसेसर, आणि नेटबीएसडी व ओपनबीएसडी दोघांचाही स्पार्क६४ वर अजून पाठिंबा आहे. चालू केल्यावर आयडीप्रॉम अवैध असल्याचा संदेश येईल आणि नेटवर्कचा पत्ता सगळा एफ-एफ दिसेल. वेळ आणि पत्ता सांभाळणाऱ्या चिपच्या पोटातच बॅटरी असते, ती केव्हाच संपलेली. ओके प्रॉम्प्टवर एमकेपी कमांडने पत्ता हाताने भरता येतो, आणि वीज गेली की पुन्हा भरावा लागतो. चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते, ओढून काढता येते. कीबोर्ड नसेल तरी अडत नाही: मशीन आपोआप सिरियल पोर्टवर बोलू लागतं, वेग ९६००.